आधी पेटी, मग साप

महाड-पोलादपूर पट्ट्यात मांडूळ म्हटलं की चहाच्या टपरीवरचे सगळे कान टवकारतात. मांडूळ गुप्तधन दाखवतं, जितकं जड तितका भाव चढतो, ‘पार्टी’ मुंबईहून येते आणि रोख मोजते, असल्या गोष्टी ऐकलेला माणूस गावोगाव भेटेल. ती पार्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मात्र कुणी भेटत नाही. भेटतात ते सापळा लावून बसलेले पोलीस, नाहीतर वनखात्याची माणसं. खुद्द मांडूळ म्हणजे मोकळ्या, कोरड्या मातीत तोंड खुपसून राहणारा, उंदीर खाणारा, बिनविषारी साप. शेपूट बोथट, आणि धोका वाटला की डोकं वेटोळ्यात लपवून शेपूट वर करतो, म्हणून दोन तोंडांचा ठरला. गारुडी त्याच्या शेपटीला डागण्या देऊन डोळे-तोंड उमटवत, इतका तो गैरसमज कमाईचा होता.

हे मांडूळ बोआंच्या गोतावळ्यातलं. त्याचा लांबचा, आडदांड भाऊबंद म्हणजे मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेला बोआ कन्स्ट्रिक्टर. मांडूळ घरात ठेवलं तर गुन्हा. हा परदेशी भाऊबंद मात्र रीतसर नोंदणी केली तर पाळता येतो. पुण्या-मुंबईतल्या हौशी घरांत तो दिसतो, आणि हौसेला घाट उतरायला कितीसा वेळ लागतो?

खालचा संवाद मी रचलेला आहे. भाचा सव्वीस वर्षांचा, महाड एमआयडीसीत एका रसायन कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. मामा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त, पोलादपूरला राहतात, आणि कुणाच्या पडवीत साप निघाला की अजूनही लोक त्यांनाच हाक मारतात. मे महिना आहे.

भाचा : बोआचं पिल्लू चार महिन्यांचं आहे, मामा. दीड हातही नाही. ज्यांच्याकडे जन्मलं त्यांच्याकडे आईबापांची नोंदणी आहे. मी चोरून काही करत नाहीये.

मामा : चोरून करत नाहीस म्हणून मला सांगायला आलास, की आईला सांगायचा धीर होत नाही म्हणून?

भाचा : दोन्ही.

मामा : मग आधी कागदाचं बोल. माझ्या नोकरीत वन्यजीव कायद्याला सहा अनुसूच्या होत्या. मांडूळ चौथीत होतं. तुमच्या या परदेशी पाहुण्यांचं नावही कुठे नव्हतं.

भाचा : तेच बदललं. जून २०२० मध्ये केंद्राने योजना आणली, ज्यांच्याकडे विदेशी प्राणी आहेत त्यांनी आपणहून जाहीर करावेत म्हणून. मग २०२२ साली वन्यजीव कायद्यातच दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता अनुसूच्या चार. चौथीत साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातले प्राणी आहेत, बोआ त्यात येतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांत परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. पुढे पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं.

मामा : अभ्यास झालाय. पण विकणारा म्हणेल, साप घेऊन जा, कागद मागाहून पाठवतो. तेव्हा काय करशील?

भाचा : साप मागाहून घेईन.

मामा : हे बरोबर बोललास. आणि दुसरं, उद्या शेतात कुणी मांडूळ पकडून आणलं आणि म्हणालं, तुला सापांची आवड आहे, हेही ठेव, तर?

भाचा : आपल्या रानातलं काही घरात ठेवायचं नाही. मांडूळ नाही, अजगराचं पिल्लू नाही, साधी धामणही नाही. वनखात्याला कळवायचं.

मामा : लक्षात ठेव. कारण तुझ्या घरात साप आहे एवढंच गावाला कळणार. त्याला नोंदणी आहे हे नाही कळणार. मांडुळाच्या भानगडीतले लोक तुझा नंबर शोधत येतील, आणि त्यांच्या मागून पोलीस.

भाचा : म्हणूनच तर पाळायला हवा असं मला वाटतं. लोकांनी साप जवळून पाहिलेलाच नसतो. पाहिला तोवर काठी पडलेली असते. कुणी घरी आला, पेटीसमोर बसला, साप पाणी पिताना बघितला, तर त्याची भीती जरा तरी कमी होईल. नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले, ते कशासाठी?

मामा : त्यांनी ते कशासाठी केलं ते मला माहीत आहे. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे दाखवायला. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. म्हणजे लोकांना साप दाखवायचे तर त्याला जागा, माणसं, जबाबदारी असं सगळं उभं करावं लागतं. तू तुझ्या झोपायच्या खोलीत ठेवणार आणि त्याला लोकशिक्षण म्हणणार. पोरा, आवड आहे म्हण की सरळ. आवड असणं हा काही गुन्हा नाही.

भाचा : आवड आहे. पण भीती जावी हेही खरं आहे.

मामा : भीतीचं मी तुला सांगतो. आपल्या भागात विंचवाने पोरं मरायची. लाल विंचू. डॉक्टर हिंमतराव बावसकर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचू उतरवायला मांत्रिकाकडे नेत. त्यांनी रात्र रात्र रोग्यांच्या उशाशी बसून काढलं की विष हृदयावर जातं, आणि रक्तदाबाची साधी प्राझोसिनची गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो. १९८२ साली लॅन्सेटमध्ये त्यांचं लिखाण आलं, सरकारने २०२२ ला पद्मश्री दिली. आता सांग, या सगळ्यात कुणाला विंचू पाळायला लागला का? लोकांची भीती गेलीच नाही. जायला नकोच होती. फक्त घाबरून मांत्रिकाकडे पळायचे ते दवाखान्याकडे पळायला लागले.

(मला विचाराल तर या वादात मामांची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे. साप पाहून भीती जाते हे सापप्रेमींचं आवडतं म्हणणं. पण भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं जातात असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. भाताच्या खाचरात अनवाणी उतरणाऱ्याला भीती घालवून चालणार नाही. त्याला बूट आणि विजेरी हवी.)

भाचा : पण बोआला विषच नाही!

मामा : मला माहीत आहे. शेजाऱ्याला नाही. घोणसीची गोष्ट घे. अंगावर तपकिरी ठिपक्यांच्या माळा, जाड शरीर, संथ हालचाल. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलणारे मी पाहिलेत. आपल्याकडची डुरक्या घोणस, तीही बोआच, बिनविषारी, दिसायला पुन्हा तशीच. आता तुझ्या बोआच्या पाठीवरही तपकिरी खोगिरं. तुझ्या घरी येणाऱ्या पोराने तो हातात घेतला, त्याला वाटलं, ठिपक्यांचा जाड साप काही करत नाही. तेच पोर भाद्रपदात गवतात ठिपक्यांचा जाड साप बघेल तेव्हा?

भाचा : (जरा थांबून) हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग कुणाच्या हातात द्यायचा नाही. काचेबाहेरूनच दाखवायचा.

मामा : शेजारच्या पोरांना तेवढंही नको. बरं, आता साप आणलास असं समजू. पहिल्या दिवशी काय करशील?

भाचा : काही नाही.

मामा : म्हणजे?

भाचा : पेटीत सोडायचा आणि हात काढून घ्यायचा. आठवडा-दहा दिवस शिवायचं नाही, खायला द्यायचं नाही. पाणी रोज बदलायचं, तेही गुपचूप. नवी जागा, नवा वास, त्यात प्रवास. त्याला दडायला जागा दिली की तो आपोआप स्थिरावतो. नवखे लोक इथेच चुकतात म्हणे. आणल्या दिवशी गळ्यात घालून फोटो.

मामा : दडायला किती जागा?

भाचा : दोन. एक पेटीच्या ऊबदार टोकाला, एक गार टोकाला. अगदी अंगासरशी बसतील अशा. पिल्लाला प्रशस्त, मोकळी जागा आवडत नाही, ते उघड्यावर पडलं की धास्तावतं. आत्ता अडीच-तीन फुटांची पेटी पुरते. झाकणाला दोन कड्या. बोआ नाकाने ढोसत बसतो, सैल झाकण मिळालं की गेलाच. उष्णता एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला पंचवीस ते सत्तावीस. मधे हवं तिथे तो बसेल. तापवायच्या गादीला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं आणि सापाला ते वेळेवर कळतही नाही. हवेतला ओलावा साठ-सत्तर टक्के.

मामा : हे तू वाचलंस ते कुठल्या देशात लिहिलेलं?

भाचा : कशाला?

मामा : कारण त्यांना पेटी तापवायची काळजी. तुला गार करायची. मार्च २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, भिऱ्याला, पारा साडेशेहेचाळीसवर गेल्याची नोंद झाली होती. आत्ता इथे सावलीत बसून घाम निथळतोय. तुझी खोली कुठे?

भाचा : वरच्या मजल्यावर. पत्रा आहे.

मामा : म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारी भट्टी.

भाचा : मग खालच्या मधल्या खोलीत ठेवीन. तिथे गार असतं.

मामा : आणि जुलै २०२१ विसरलास?

इथे दोघंही गप्प होतात, आणि महाडकराला त्याचं कारण सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या, तळमजले बुडाले, माणसं माळ्यांवर आणि गच्च्यांवर अडकली. वीज नाही, फोन नाही. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल, आणि चिखलात जे काय वाहून आलं ते. महाडात पेटी खाली ठेवावी तर पूर, वर ठेवावी तर पत्रा. बोआ पाळण्याबद्दल जगात जेवढं म्हणून लिहिलं गेलंय, त्यात या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो सापाचा प्रश्नच नाही.

भाचा : वरच ठेवायचा. पण पत्र्याखाली छत मारून घ्यायचं, आणि उत्तरेच्या भिंतीला पेटी. उन्हाळ्यात दुपारी कूलर. पस्तीसच्या वर गेलं तर त्याला धोका आहे हे मला माहीत आहे.

मामा : कूलर चालवायला वीज लागते. वैशाखात वारा सुटला की वीज गेलीच समज.

भाचा : इन्व्हर्टर.

मामा : साप स्वस्त आणि इन्व्हर्टर महाग. बरं, पावसाळा. तुझा साठ-सत्तर टक्के ओलावा. इथे जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं, चपलांवर बुरशी येते, उडदाचे पापड मऊ पडतात. तुला ओलावा वाढवायचा नाही, उतरवायचाय.

भाचा : हो. तिथे खरी अडचण आहे. ओल्या तळावर साप पडून राहिला की पोटाकडच्या खवल्यांखाली फोड येतात, कातडी सडते. श्वासाचा आजारही होतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, घरघर. म्हणून जाळीची बाजू मोठी ठेवायची, तळाला कागद घालायचा, मातीचा किंवा काथ्याचा थर पावसाळ्यात नकोच. कागद ओला झाला की बदलला. पाण्याचं भांडं लहान. उलट थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, गादी चालू लागेल आणि ओलावा कमी पडेल, तेव्हा भांडं मोठं.

मामा : कात?

भाचा : डोळे निळसर, दुधाळ दिसायला लागले की समजायचं. तेव्हा नीट दिसत नाही त्याला, चिडका होतो, खात नाही. हात लावायचा नाही. कात एका तुकड्यात उलटी निघायला हवी. निघाल्यावर डोळ्यांवरचे चष्मे कातीबरोबर आले का ते बघायचं. राहिले असतील तर नखाने ओढायचे नाहीत, ओलावा वाढवायचा आणि पुढच्या कातीपर्यंत धीर धरायचा किंवा डॉक्टरला दाखवायचं.

मामा : कुठल्या डॉक्टरला? इथल्या जनावरांच्या दवाखान्यात म्हशीचं बाळंतपण करतील, सापाचा घसा नाही बघणार.

भाचा : पुण्याला. नाहीतर मुंबईला.

मामा : आणि वरंधा घाट बंद असेल तेव्हा ताम्हिणीने. आजारी सापाला पिशवीत घालून. असो. आता सांग, खायला काय घालणार?

भाचा : (आवाज उतरवून) उंदीर.

मामा : मोठ्याने सांग. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाऊ दे.

भाचा : पांढरे उंदीर, मामा. पैदास केलेले. गोठवलेले. पिल्लाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा एक. दहा-बारा दिवसांनी एकदा. चिमट्याने धरून द्यायचा, हाताने नाही, म्हणजे हाताचा आणि अन्नाचा संबंध त्याच्या डोक्यात बसत नाही. जिवंत उंदीर घालायचा नाही, तो कोपऱ्यात सापडला की सापालाच चावतो, डोळा जातो. खाल्ल्यानंतर दोन दिवस उचलायचा नाही.

मामा : शेतात इतके उंदीर फुकट फिरतायत आणि तू विकत आणणार!

भाचा : शेतातला नाही चालणार. त्याने कुणाचं तरी विषाचं बिस्कीट खाल्लेलं असेल, तर साप मेला. शिवाय पोटातले जंत. आणि लेप्टो. पुरानंतर आपल्याकडे लेप्टोच्या गोळ्या वाटतात त्या कशासाठी? उंदराच्या मुतासाठी. मी रानचा उंदीर हातात घेणार नाही.

मामा : शाबास. हे मला पटलं. पण गोठवलेला उंदीर गोठतो कशात?

भाचा : फ्रीजमध्ये.

मामा : कुठल्या?

भाचा उत्तर देत नाही. तो सोडे आणि सुरमईच्या शेजारी उंदीर कसा ठेवायचा याचा विचार करतोय, आणि तिथे मात्र लॅबची शिस्त कामाला येत नाही.

मामा : माझं ऐक. एक छोटा फ्रीज वेगळा घ्यायचा. त्यात उंदरांशिवाय काही नाही. त्याला कुलूप. तुझ्या आईने बर्फ काढायला हात घातला आणि पिशवीत शेपूट लागली, तर साप, उंदीर आणि तू, तिघंही त्याच दिवशी बाहेर.

भाचा : फ्रीज, इन्व्हर्टर, कूलर, छत, पेटी, थर्मोस्टॅट...

मामा : मी नाही म्हणत, तूच मोजतोयस. बरं, पिल्लाने खाल्लं आणि ओकलं तर?

भाचा : ते वाईट. लहान बोआ त्यातच दगावतात. घास मोठा होता, पेटी गार होती, किंवा मी घाई करून उचलला, यातलं काहीतरी एक. मग दोन आठवडे काही द्यायचं नाही, फक्त पाणी. पोटाची आग शमू द्यायची. नंतर निम्म्या आकाराचा घास. पुन्हा ओकला तर पुणे.

मामा : आणि नुसताच खात नसेल तर?

भाचा : तर काही करायचं नाही. वजन करत राहायचं. वजन टिकून असेल तर त्याला भूक नाही एवढंच. लोक घाबरतात, रोज उंदीर नाचवतात, त्याने तो आणखी दबतो. खरं तर उलटं होतं जास्त. बोआ सावकाश वाढणारा प्राणी, आणि लोक त्याला दर चार दिवसांनी घालतात, लवकर मोठा व्हावा म्हणून. चरबी चढते आणि अर्ध्या वयात मरतो.

मामा : अर्धं वय म्हणजे किती?

भाचा : पूर्ण वय वीस ते तीस वर्षं.

मामा : तीस. म्हणजे तू छप्पन्नचा होशील. मधे लग्न, बदली, पोरं. मुलगी बघायला गेल्यावर चहा-पोह्यांच्या आधी सांगणार, की साखरपुड्यानंतर?

भाचा : आधी. कुत्रा पाळणारे नाही का सांगत?

मामा : कुत्र्याला शेजारी दोन दिवस भाकरी घालतो. तुझ्या सापाला घालेल? पिल्लू आज दीड हात. उद्या मोठा झाला की दोन-अडीच मीटर, पेटी सहा फुटी. तेव्हा नको झाला तर कुणाला देणार? लोक काय करतात ते मला माहीत आहे. रात्री गाडीत घालतात आणि आंबेनळी घाटात सोडून येतात. म्हणतात, निसर्गात मुक्त केला.

भाचा : ते सर्वांत मोठं पाप. अरुबा बेटावर १९९९ साली बोआ सापडायला लागले, पाळीव सुटलेले नाहीतर सोडलेले, आज ते बेटभर आहेत, पक्षी आणि सरडे खातात. मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर १९७१ ला एका सिनेमासाठी आणलेले बोआ सोडून दिले, ते तिथे अजून आहेत.

मामा : आपल्या घाटात तर ऊब, पाऊस, झाडी, उंदीर, सगळं तयार. पण एकच सुटला तर एकट्याने काय करणार?

भाचा : (नाइलाजाने) मादी असेल तर एकटीही पुरे. बोआची मादी नराशिवाय पिल्लं देते हे २०१० साली सिद्ध झालंय. क्वचित होतं, पण होतं.

मामा : तू माझ्या बाजूचा आहेस की तुझ्या?

हा प्रश्न मामांनी हसत विचारला, पण माझ्या मते तो पोरगा इथेच पाळणारा म्हणून लायक ठरतो. स्वतःच्या हौसेविरुद्धची गोष्ट त्याला ठाऊक होती आणि त्याने ती लपवली नाही. उलट मामांकडे एक गोष्ट आहे जी ते टाळतायत, आणि भाच्याने ती काढलीच.

भाचा : मामा, आजीच्या पडवीत पोपट होता. पिंजऱ्यात. तुम्ही तेव्हा खात्यातच होतात. आपला जंगली पोपट पाळणं तेव्हाही गुन्हाच होता. त्याला उडायला दोन वीत जागा नव्हती. त्या मानाने सापाचं पेटीत बरं चालतं. तो दिवसचे दिवस एका जागी बसतो, रानातसुद्धा. त्याला हवं ते तापमान, दडायला जागा, दहा दिवसांनी घास मिळाला, तर त्याची कुचंबणा पोपटापेक्षा कमी.

मामा : पोपटाचं बरोबर आहे. तुझ्या आजीपुढे मी वनपाल नव्हतो, मुलगा होतो. पण कमी कुचंबणा म्हणजे कुचंबणा नाही असं नव्हे. आणि तो तुला ओळखणार नाही. हाक मारलीस तर येणार नाही. मग तुला मिळणार काय?

भाचा : त्याने मला ओळखावं असं मला वाटतच नाही. मी त्याला ओळखलं तरी पुष्कळ.

मामा : हे वाक्य पाठ करून आलास.

भाचा : गाडी चालवताना केलं. पण खरं आहे. जीभ काढून वास घेताना, कात टाकताना, पाणी पिताना तासभर बघत बसायचं. लॅबमध्ये दिवसभर मी मीटरच बघतो. घरी आल्यावर असं काहीतरी बघावं, ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही.

मामा : बघायचंच आहे तर माझ्याबरोबर चल पावसात. रात्री कुडपणच्या वाटेला बांबूवर चापडा साप बसलेला दाखवतो. हिरवाकंच. तासन्‌तास हलत नाही. पेटी नको, फ्रीज नको, परिवेश नको.

भाचा : ते येईनच. पण तो मला रोज कुठे दिसणार?

मामा : रोज दिसायला हवा, तिथेच अडलंय सगळं. (जरा वेळाने) एक सांगतो. नाही म्हणत नाही. पण पिल्लू आता आणायचं नाही. त्यांच्याकडे सांगून ठेव. आधी पेटी आण. रिकामी. आत दोन थर्मामीटर, एक ओलावा मोजायचं यंत्र, तळाला कागद, पाण्याचं भांडं, सगळं साप असल्यासारखं. आणि पावसाळाभर वहीत लिही. सकाळ, दुपार, रात्र. वीज गेली कधी, आली कधी. कागदाला बुरशी आली का. गावी गेलास तर पाणी कुणी बदललं. पुराचा भोंगा वाजला तर पेटी एकट्याला उचलता येते का, तेही करून बघ, आत पाण्याची बाटली ठेवून.

भाचा : साप नसताना पेटी सांभाळायची?

मामा : साप सांभाळायचा म्हणजे तेच की. तूच मघाशी म्हणालास, पहिले दहा दिवस काही करायचं नाही.

भाचा : आणि हात धुणं? सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो, पेटीला हात लावल्यावर दर वेळी साबणाने...

मामा : तेही. रिकाम्या पेटीनंतरही. सवय लागली पाहिजे.

भाचा : आणि आकडे बरोबर निघाले तर?

मामा : गणपतीला वही घेऊन ये. मी बघतो. बरोबर असली तर पुण्याला मी येतो बरोबर, आईबापांची नोंद माझ्या डोळ्यांनी वाचायला. पिल्लाच्या अंगावर गोचिडीसारखे काळे ठिपके आहेत का, खवल्यांखाली, पाण्याच्या भांड्यात, ते बघायला. तोंडात चिकट लाळ आहे का ते बघायला. आणि मान उलटी टाकून आभाळाकडे बघत बसणारं पिल्लू असेल, तर त्या घरातला एकही साप घ्यायचा नाही.

भाचा : तो आजार मी वाचलाय. विषाणूचा आहे, तो विषाणू २०१२ मध्ये सापडला. औषध नाही.

मामा : वाचला असशीलच. तुझ्या आईला काय सांगायचं ते वाचलंस का कुठे?

भाचा : तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. तुमची बहीण आहे.

मामा : बहीण आहे म्हणूनच नाही. पण फ्रीजला कुलूप घेताना दोन किल्ल्यांचं घे, आणि एक तिच्याकडे दे. तिला कळलं पाहिजे आत काय आहे.